आधी नकाशा, मग प्रिंटर!

प्रिंटरचं कौतुक आता पुरे झालं. वर्षातून तीन-चार वेळा तरी तीच बातमी येते. "आता किडनी छापून मिळणार!", "प्रयोगशाळेत तयार झालं छापील हृदय!" सोबत ठरलेला फोटो: निळे हातमोजे आणि काचेच्या बशीत गुलाबीसर काहीतरी. आपण ती बातमी वाचतो, दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर ढकलतो, "सायन्स कुठल्या कुठे चाललंय!" असं म्हणतो आणि सोमवारच्या डिप्लॉयमेंटच्या काळजीला लागतो.

मला आज या बातमीशी भांडायचं आहे. ती खोटी असते म्हणून नव्हे, तर ती चुकीच्या यंत्राची बातमी असते म्हणून. बायोप्रिंटिंगमध्ये टाळ्या सगळ्या प्रिंटरला पडतात. पण मऊ ऊतीचं, म्हणजे किडनी, यकृत, हृदय, फुप्फुस वगैरेंचं घोडं जितकं प्रिंटरपाशी अडलंय तितकंच, किंबहुना त्याहून जास्त, मायक्रोस्कोपपाशी अडलंय. जे छापायचं आहे ते आतून नेमकं कसं आहे, हे आपल्याला अजून पुरतं दिसलेलंच नाही. आणि छापून झाल्यावर आत काय चाललंय, तेही धड दिसत नाही. रिक्वायरमेंट अर्धवट, टेस्टिंग अर्धवट, आणि डेमो मात्र झकास! हा प्रकार आपल्या क्षेत्रातल्या लोकांना ओळखीचा वाटायला हरकत नाही :)

आता मुद्द्याचं बोलू. आधी थोडं गणित, घाबरू नका.

तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची असते. ती जिच्यातून जाते ती केशवाहिनी पाच ते दहा मायक्रॉनची, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. ऊतीतल्या पेशीला प्राणवायू मिळायचा तर रक्त तिच्यापासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या आत असावं लागतं. त्यापलीकडे प्राणवायू पुरेसा झिरपत नाही आणि पेशी मरते. म्हणून शरीरात बहुतेक सगळीकडे या केशवाहिन्यांचं जाळं पसरलेलं आहे. एका किडनीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन, आणि प्रत्येकाला स्वतःचा केशवाहिन्यांचा गुंता.

हॉस्पिटलातला एमआरआय साधारण एक मिलिमीटरपर्यंत बघतो, सीटी स्कॅन अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. म्हणजे एमआरआयच्या एका ठिपक्यात, एका घन मिलिमीटरमध्ये, हजारो पेशी आणि केशवाहिन्यांचं अख्खं जाळं असतं, आणि त्या सगळ्याबद्दल स्कॅन आपल्याला सांगतो एक आकडा. फक्त एक! पुण्याच्या नकाशावर महापालिकेची हद्द आणि मुंबई-बंगळूर हायवे एवढंच काढून द्यायचं आणि सांगायचं, आता यावरून तुळशीबागेतलं दुकान शोधा.

बातमीत मात्र काय लिहिलेलं असतं? "रुग्णाच्या स्कॅनवरून अवयव जसाच्या तसा छापता येईल." जसाच्या तसा! स्कॅनमधून मिळतो तो बाहेरचा आकार आणि मोठ्या रक्तवाहिन्या. पुढे तो आकार एसटीएल फाइलमध्ये जातो. हा फॉरमॅट १९८७ चा. त्यात असतात फक्त त्रिकोण, पृष्ठभागाचे त्रिकोण. आत काय आहे याची नोंद नाही. इतकंच काय, आकडे मिलिमीटरमध्ये आहेत की इंचात हेही त्यात नसतं. मग आतला भाग भरतं कोण? स्लायसर सॉफ्टवेअर. तेच, जे थ्रीडी प्रिंटरवर खेळण्यातला हत्ती छापताना आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी भरून देतं. म्हणजे त्या "जसाच्या तसा" अवयवाचं कातडं रुग्णाचं, आणि आतलं सगळं कुठल्यातरी प्रोग्रॅमरने ठेवलेल्या डिफॉल्ट सेटिंगचं!

काही नावाजलेली उदाहरणं बघू. २०११ मध्ये अँथनी अटाला यांनी टेडच्या मंचावर किडनीच्या आकाराची छापील वस्तू दाखवली. जगभर बातमी झाली की किडनी छापली. त्यांच्या वेक फॉरेस्ट संस्थेलाच खुलासा करावा लागला की तो आकाराचा नमुना होता, चालणारी किडनी नव्हे. २०१९ मध्ये तेल अवीव विद्यापीठात ताल द्विर यांच्या गटाने माणसाच्या पेशींपासून सशाच्या हृदयाएवढं हृदय छापलं. त्यातल्या पेशी आकुंचन पावत होत्या, पण सगळ्यांनी एकत्र येऊन रक्त ढकलणं हे काही त्या हृदयाला येत नव्हतं, आणि संशोधकांनी ते स्वतःच सांगितलं होतं. कार्नेगी मेलनच्या ॲडम फाइनबर्ग यांच्या गटाने २०२० मध्ये एमआरआयवरून माणसाच्या पूर्ण आकाराचं हृदय छापलं, ते अल्जिनेटचं, शल्यचिकित्सकांना सराव आणि नियोजनासाठी उपयोगी पडावं म्हणून. काम तिन्ही ठिकाणचं उत्तम. शास्त्रज्ञ बहुतेक वेळा प्रामाणिकच असतात हो, मथळे नसतात.

आणि गंमत अशी की याच फाइनबर्ग यांच्या गटाने २०१९ मध्ये कोलॅजेनचा धागा २० मायक्रॉनपर्यंत बारीक छापून दाखवला होता. एमआरआयचा ठिपका एक मिलिमीटरचा, म्हणजे १००० मायक्रॉनचा. भागाकार करा: प्रिंटर स्कॅनपेक्षा पन्नासपट बारीक! चित्रच जाड्या ब्रशने काढलंय आणि आपण कौतुक करतोय ते ०.१ च्या पेनचं.

मग मायक्रोस्कोप लावा ना, काय अडलंय?

अडलंय बरंच. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केलं, पण रोहिणीतलं रक्त नीलेत जातं कुठून हे त्याला शेवटपर्यंत दिसलं नाही. मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन वैद्याने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात मायक्रोस्कोपखाली केशवाहिन्या बघितल्या आणि तो तुटलेला दुवा जोडला. बेडकाचंच फुप्फुस का? कारण ते पातळ आणि जवळजवळ पारदर्शक. साडेतीनशे वर्षं उलटून गेली, नियम तोच राहिला: मऊ ऊती बघायची असेल तर ती पातळ पाहिजे. पातळ नसेल तर पातळ कापा.

आपल्या गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोप्सीचं काय होतं? तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात, अल्कोहोलने त्यातलं पाणी काढतात, झायलीनमधून नेतात, मेणात बसवतात, मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉनचे काप काढतात आणि जांभळा-गुलाबी रंग देतात. कर्करोग ओळखायला ही रीत अप्रतिम आहे, लाखो जीव तिने वाचवले आहेत. पण नकाशा काढायला? या प्रवासात ऊती आक्रसते. काप दुमडतात, फाटतात. शिवाय मऊ ऊती शरीराबाहेर काढली की लगेच बदलते. रक्ताचा दाब गेला की बारीक वाहिन्या मिटतात. रोहिणी शरीरात ताणलेली असते, कापून काढली की लांबीत आखडते. म्हणजे फोटो काढायच्या आधीच मॉडेलने पोझ बदललेली असते!

बरं, एक सेंटिमीटर जाडीचे पाच मायक्रॉनचे काप किती? दोन हजार. प्रत्येक वेगळा ताणलेला, वेगळा सुरकुतलेला. ते एकावर एक रचून पुन्हा मूळ तुकडा उभा करायचा. ब्रेडच्या स्लाइस जोडून पुन्हा पाव करण्यासारखं, फक्त प्रत्येक स्लाइस आधी कुणीतरी चुरगळलेली. हे काम जीवशास्त्राचं नाही, सॉफ्टवेअरचं आहे. इमेज रजिस्ट्रेशन म्हणतात त्याला. पण त्याच्यावर मथळा होत नाही.

न कापता बघायचं म्हटलं तर प्रकाश आडवा येतो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुक्यात गाडी चालवली असेल तर हे लगेच कळेल. हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत. धुकं प्रकाश खात नाही, विखुरतं. मऊ ऊती अगदी तसंच करते. पाणी, चरबी, प्रथिनं यांचा अपवर्तनांक वेगवेगळा, त्यामुळे प्रकाश पावलापावलावर वाट बदलतो, आणि शे-दोनशे मायक्रॉन खोल गेलं की साध्या फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपला सगळं दुधासारखं दिसतं.

यावर माणसांनी काय डोकं चालवलंय, ते खरं तर मथळ्यात यायला हवं होतं. कॉन्फोकल मायक्रोस्कोप, जो फोकसबाहेरचा प्रकाश एका बारीक छिद्राने अडवतो, त्याचं पेटंट १९५७ मध्ये कुणी दाखल केलं माहीत आहे? मार्विन मिन्स्कीने. तोच, कृत्रिम बुद्धिमत्तेचा! त्याला मेंदूतल्या पेशींची जोडणी बघायची होती. १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी टू-फोटॉन मायक्रोस्कोप केला. दोन अवरक्त फोटॉन एकाच क्षणी शोषले गेले तरच प्रकाश उमटतो, आणि ते घडतं फक्त फोकसपाशी. त्यामुळे खोली काहीशे मायक्रॉनपासून मिलिमीटरच्या आसपास गेली. हे होऊ शकतं असं मारिया गेपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये कागदावर मांडून ठेवलं होतं, लेझरचा शोध लागायच्या कितीतरी आधी. याच जातीच्या मायक्रोस्कोपने कोलॅजेनचे तंतू कुठलाही रंग न देता आपोआप चमकतात. आणि मऊ ऊतीचा सांगाडा म्हणजे मुख्यतः कोलॅजेन! छापणाऱ्याला याहून उपयोगी चित्र कोणतं?

दुसरी युक्ती आपल्या रोजच्या ओळखीची आहे. भजी ज्या कागदावर ठेवतात तो कागद तेल लागलं की आरपार दिसायला लागतो. का? कागदाच्या तंतूंमधल्या फटीत हवा असते, तिच्या जागी तेल शिरतं. तेलाचा अपवर्तनांक तंतूंच्या जवळचा, म्हणून प्रकाश कमी विखुरतो. ऊती पारदर्शक करायची तर हेच करायचं: आतलं पाणी नि चरबी काढून योग्य अपवर्तनांकाचा द्रव भरायचा. कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या कार्ल डायसरॉथ यांच्या गटाने क्लॅरिटी पद्धत आणली आणि उंदराचा अख्खा मेंदू काचेसारखा केला.

आता एक मजेशीर गोष्ट. टार्ट्राझीन नावाचा पिवळा खाद्यरंग असतो, गोळ्या-वेफर्समध्ये वापरतात तो. २०१९ मध्ये राइस विद्यापीठाच्या जॉर्डन मिलर यांच्या गटाने फुप्फुसातल्या हवेच्या पिशवीसारखी रचना हायड्रोजेलमध्ये छापली, तेव्हा हाच रंग वापरला. कशासाठी? तर छापणारा प्रकाश नको तितका खोल जाऊ नये म्हणून. आणि २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तोच रंग जिवंत उंदराच्या कातडीला लावून ती तात्पुरती पारदर्शक केली, म्हणजे बघणारा प्रकाश खोल जावा म्हणून! निळा प्रकाश हा रंग जोरात शोषतो, आणि त्याचाच परिणाम म्हणून लाल प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक वाढवतो. एकच डबी, एकदा पडदा म्हणून आणि एकदा खिडकी म्हणून. प्रिंटर आणि मायक्रोस्कोप ही एकाच भौतिकशास्त्राची दोन टोकं आहेत, हे यापेक्षा सोप्या भाषेत कोण सांगणार?

आता छापल्यानंतरचं बघू, कारण माझा खरा राग तिथे आहे.

छापलेल्या ऊतीत पेशी जिवंत आहेत हे दाखवायची एक ठरलेली रीत आहे. दोन रंग घालायचे. जिवंत पेशी हिरव्या चमकतात, मेलेल्या लाल. मग कॉन्फोकलखाली फोटो. चकाकणारं हिरवंगार चित्र, तेच बातमीतही येतं. पण वरचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. प्राणवायू झिरपतो तो १०० ते २०० मायक्रॉन. आणि साध्या फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपला दाट ऊतीत दिसतं तेही शे-दोनशे मायक्रॉनच! म्हणजे जो थर जिवंत असण्याची जवळजवळ खात्रीच आहे, नेमका तेवढाच थर मायक्रोस्कोपला दिसतो. आतला अंधार दिसतच नाही. याला आपल्याकडे काय म्हणतात? फक्त हॅपी पाथ टेस्ट करणं. लॉगिन पेज उघडलं की रिलीज!

चांगल्या प्रयोगशाळा नमुना कापून आतलंही तपासतात, हे मान्य. पण कापला की तो नमुना संपला. माणसात बसवायचा तुकडा कापून बघता येत नाही. तो न कापता, जिवंत ठेवून, शेवटच्या मिलिमीटरपर्यंत बघता आला पाहिजे. ही सोय झाल्याशिवाय कुठला डॉक्टर तो अवयव हातात धरून म्हणेल की हा बसवायला योग्य आहे? मी तरी नाही म्हणणार.

जिथे बघणं सोपं आहे तिथे छापण्याची गाडीही पुढे गेलेली दिसते, आणि हा मला योगायोग वाटत नाही. डोळ्याचा कॉर्निया घ्या. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आत रक्तवाहिन्या नाहीत, आणि मुळातच पारदर्शक. मायक्रोस्कोपसाठी आयतं ताट! त्याच्या कोलॅजेनच्या तंतूंची शिस्तशीर मांडणी माहीत आहे, आणि पारदर्शकता त्या मांडणीतूनच येते हेही. २०१८ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठात कॉर्निया छापला गेला, दहा मिनिटांच्या आत. २०२२ मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी यांच्यासोबत कॉर्निया छापून सशाच्या डोळ्यात बसवला. तसाच कान. २०२२ मध्ये अमेरिकेत एका रुग्णाला तिच्याच पेशींपासून छापलेला बाह्यकर्ण बसवला. तीही कूर्चा, रक्तवाहिन्या नसलेली. कॉर्निया आणि कान या दोन पायऱ्या चढलो म्हणून किडनीची गच्ची दिसायला लागली असं समजू नका. मधला जिनाच अजून बांधायचा आहे.

आता "पण" म्हणणाऱ्यांकडे वळतो.

पहिला पण: "पेशी शहाण्या असतात, आपलं आपण जुळवून घेतात. इतक्या बारीक नकाशाची गरजच काय?" यात तथ्य आहे. ऑर्गनॉइडमध्ये पेशी स्वतःहून बरीच रचना करतात. पण ते गोळे साधारण काही मिलिमीटरवर थांबतात, कारण मध्ये प्राणवायू पोचत नाही. आणि समजा जुळवून घेतलं, तर बरोबर जुळवलं की चूक हे ठरवणार कशावरून? उत्तरपत्रिका तपासायला आदर्श उत्तर लागतंच ना?

दुसरा पण, जास्त वजनदार: "निसर्गाची नक्कल कशाला? अल्गोरिदमने रक्तवाहिन्यांचं झाड काढू." २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने अवयवाच्या आकाराची रक्तवाहिन्यांची झाडं झपाट्याने आखणारा अल्गोरिदम प्रसिद्ध केला. मला तो मनापासून आवडला. पण असे अल्गोरिदम ज्या नियमांवर उभे राहतात ते आकाशातून पडले नाहीत. वाहिनी फुटताना त्रिज्यांचं नातं काय असावं हा मरेचा नियम १९२६ चा, आणि तो कुठे लागू पडतो, कुठे नाही, हे कळलं ते खऱ्या वाहिन्या मोजूनच. किडनीसारख्या अवयवात वाहिनीचा आकार हेच तिचं काम असतं. तिथे अंदाजाने काढलेलं झाड चालेल की नाही, हे सांगायला मोजमापच लागेल.

तिसरा पण आपल्याच कँटीनमधला: "एआय भरून काढेल की." काय भरून काढेल? न दिसलेल्या गोष्टी? मॉडेलला शिकवायला तरी खरी चित्रं हवीत. आणि इथे डेटाचा हिशोब करा. एक घन सेंटिमीटर ऊती एक मायक्रॉनच्या व्हॉक्सेलने टिपली तर व्हॉक्सेल होतात एक लाख कोटी, म्हणजे आठ बिटला एक टेराबाइट. किडनी सुमारे १५० घन सेंटिमीटरची. सोळा बिट आणि तीन रंग धरा, ९०० टेराबाइट. एका किडनीचे! हार्वर्ड आणि गुगलने माणसाच्या मेंदूचा फक्त एक घन मिलिमीटर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने टिपला, २०२४ मध्ये तो सायन्समध्ये आला, त्याचा डेटा १.४ पेटाबाइट. त्यात सुमारे ५७ हजार पेशी आणि १५ कोटी सिनॅप्स. हे साठवणं, जोडणं, त्यातल्या वाहिन्या वेगळ्या करणं, हे सगळं आपलं काम आहे. आपण मात्र जाहिरातीवर क्लिक किती पडले ते मोजतोय.

कुणी म्हणेल, एवढा तावातावाने का बोलतोस? सांगतो. माझा आतेभाऊ दोन वर्षं डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा. आत्या स्वतःची किडनी द्यायला तयार आहे, तपासण्या झाल्या, जुळते आहे, डॉक्टर हो म्हणतात. दादा मात्र अडून बसलाय. का, तर घरच्या ग्रुपवर कुणीतरी दर महिन्याला "छापील किडनी पाच वर्षांत" टाकतं. मागच्या महिन्यात मला म्हणाला, "तू कॉम्प्युटरवाला ना? खरं सांग, थांबू का रे? या वयात आईला कशाला कापायचं?" मी त्याला हाच हिशोब सांगितला: मायक्रॉन, मिलिमीटर, सगळं. म्हटलं, "दादा, जिचा पूर्ण नकाशासुद्धा अजून नाही तिची वाट बघू नकोस." तो काही बोलला नाही. अजून त्याने ठरवलेलं नाही. ग्रुपवर मात्र नवीन फॉरवर्ड आला आहे.

म्हणून म्हणतो, मथळा निरुपद्रवी नसतो. आपल्याला ती करमणूक असते, कुणाला तरी तो वैद्यकीय सल्ला वाटतो.

मग करायचं काय? नुसतं चिडून उपयोग नाही.

एक. पुढच्या वेळी अशी बातमी आली की ढकलायच्या आधी तीन प्रश्न विचारा. आतली रचना कुठून घेतली: स्कॅनमधून, मायक्रोस्कोपमधून, की सॉफ्टवेअरच्या डिफॉल्ट जाळीतून? सर्वांत आतली पेशी बाहेरून किती खोल होती आणि ती जिवंत आहे हे कसं बघितलं? आणि किती दिवस टिकली? उत्तर बातमीत नसेल तर बातमी आपल्यापाशीच ठेवा.

दोन. नकाशा काढणाऱ्यांचं कौतुक करा. ग्रेनोबलच्या युरोपियन सिंक्रोट्रॉनवर २०२१ पासून अख्खे मानवी अवयव क्ष-किरणांनी टिपले जात आहेत. पहिल्या शोधनिबंधात पूर्ण अवयव सुमारे २५ मायक्रॉनवर, आणि निवडक भाग सुमारे दीड मायक्रॉनपर्यंत, न कापता! तो ह्यूमन ऑर्गन ॲटलस सर्वांसाठी खुला आहे. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या मेंदू केंद्राने २०२४ च्या डिसेंबरमध्ये गर्भातल्या मेंदूचा "धारणी" हा संच खुला केला, ५,१३२ छेदांचा. मेंदूपेक्षा मऊ ऊती कुठली? याची बातमी तुमच्या ग्रुपवर आली होती का? माझ्या तरी नाही.

तीन. आपल्यातल्या ज्यांना दर शनिवारी नवीन जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क शिकायची हौस आहे त्यांनी एक शनिवार इकडे द्या. फिजी, नापारी ही जैविक चित्रांची खुली सॉफ्टवेअर आहेत. मोठ्या चित्रांसाठी ओएमई-झार हा खुला फॉरमॅट आहे. पेटाबाइटच्या डेटाला भिणारी माणसं आपण नाही. रजिस्ट्रेशन, सेगमेंटेशन, स्टोरेज, या सगळ्यात चांगल्या हातांची वानवा आहे. एसटीएलच्या पोकळ त्रिकोणांच्या जागी आतलं सगळं सांगणारी फाइल छापणाऱ्याच्या हातात पडेपर्यंतचं बरंचसं काम कोडचंच आहे.

चार, आणि सर्वांत महत्त्वाचं. अवयवदानाचा फॉर्म भरा आणि घरच्यांना सांगून ठेवा. भारतात मृत्यूनंतर अवयवदान करणारे दर दहा लाखांमागे एकाहूनही कमी आहेत. "आता काय, छापूनच मिळणार" हे कारण मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून सांगतो. ग्रेनोबलचे ते अवयव देहदान करणाऱ्यांचे आहेत. हैदराबादच्या कॉर्नियाची शाई माणसाच्या दान केलेल्या डोळ्यांतल्या ऊतीपासून केलेली आहे. नकाशा दात्यांकडून येतो, शाईही दात्यांकडून येते. छापील अवयवाचा रस्तासुद्धा दानाच्याच दारातून जातो, त्याला वळसा घालून जात नाही.

प्रिंटर येईल हो. त्याबद्दल मला शंका नाही. पण तो आल्यावर त्याला काय छापायचं ते सांगता आलं पाहिजे, आणि त्याने काय छापलं ते बघता आलं पाहिजे. तोवर टाळ्या जरा मायक्रोस्कोपवाल्यांनाही वाजवा.

बघा, पटतंय का.